क्नोसॉसच्या राजवाड्यात



यंदाच्या वर्धापनदिनी बाहेरचा वक्ता न बोलावता घरचीच कोणी तरी उभी करावी असे आपल्या कार्यकारिणीने ठरवले, आणि 'तुम्ही त्या ग्रीसच्या राजवाड्याविषयी सांगा' असे मला फर्मान सुटले. वेळ वीस मिनिटांचा आणि राजवाडा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. तेव्हा प्रस्तावना येथेच पुरे.

ग्रीसच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रात क्रीट नावाचे लांबट बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर हेराक्लिऑन हे मोठे शहर, आणि तेथून पाचेक किलोमीटरवर क्नोसॉस. माझी पुतणी नोकरीनिमित्त जर्मनीत असते. "काकू, इतक्या दूर आलीच आहेस तर तुझ्या आवडीचे काही पाहू," असे म्हणून तिने मला तेथे नेले. शहरातून साधी बस जाते. बसमध्ये भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका होत्या, त्या वाटेत उतरून गेल्या आणि शेवटी आम्ही परगावचेच तेवढे उरलो.

आधी गोष्ट सांगते, कारण गोष्ट माहीत नसेल तर तेथे दगडांखेरीज फारसे काही दिसत नाही. क्रीटचा राजा मिनॉस. त्याला समुद्रदेव पोसायडनाने एक पांढराशुभ्र बैल पाठवला, तो मलाच बळी दे असे सांगून. बैल इतका देखणा की राजाला तो मारवेना. त्याने तो आपल्या खिल्लारात ठेवून घेतला आणि दुसराच बळी दिला. देव कोपला. आता लबाडी केली राजाने, पण शिक्षा कोणाला? राणीला! पासिफाई राणीच्या मनात देवाने त्या बैलाविषयीच वासना उत्पन्न केली. पुढचा तपशील येथे लहान मुली बसल्या आहेत म्हणून गाळते. तिला जे मूल झाले त्याचे धड माणसाचे आणि डोके बैलाचे. तोच मिनोटॉर.

ही लाज झाकण्यासाठी राजाने डेडलस नावाच्या कारागिराकडून एक भुलभुलैया बांधून घेतला. हा डेडलस म्हणजे आपल्या मयासुराच्याच जातीचा समजा. आत गेलेला माणूस बाहेर येऊ नये अशी त्या इमारतीची रचना. तिच्या पोटात मिनोटॉर कोंडला. अथेन्सकरांनी एका युद्धात हार खाल्ली होती, म्हणून त्यांनी ठरावीक वर्षांनी सात मुलगे आणि सात मुली या राक्षसाच्या तोंडी द्यायच्या. एका खेपेला अथेन्सचा राजपुत्र थीसियस त्यांच्यात सामील होऊन आला. राजकन्या अरिआद्नीचे मन त्याच्यावर बसले. तिने त्याला दोऱ्याचा गुंडा दिला. एक टोक दाराशी बांध, गुंडा सोडत आत जा, आणि त्याच दोऱ्याने परत ये, इतकी साधी युक्ती. थीसियसने मिनोटॉर मारला, सुखरूप बाहेर आला, अरिआद्नीला घेऊन पळाला आणि वाटेत नॅक्सॉस बेटावर ती झोपलेली असताना तिला तशीच टाकून निघून गेला.

माझ्या कानावर ही गोष्ट पहिल्यांदा आली तेव्हा मला अभिमन्यू आठवला होता. चक्रव्यूहात शिरण्याची विद्या त्याला होती, बाहेर पडण्याची नव्हती. त्याला कोणी दोरा दिला नाही. आणि का नाही, तर म्हणे सुभद्रेला ऐकता ऐकता झोप लागली! म्हणजे इकडेही दोष बाईच्याच पदरात. कर्नाटकात हळेबीडच्या देवळावर चक्रव्यूह कोरलेला आहे. त्याची आकृती आणि क्नोसॉसच्या जुन्या नाण्यांवरची भुलभुलैयाची आकृती यांचे साम्य ज्यांनी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली असतील त्यांच्या ध्यानात लगेच येईल. कोणी कोणाकडून घेतले, ते पंडितांवर सोपवू.

आता प्रत्यक्ष जागा. ही जागा पहिल्यांदा उकरली ती हेराक्लिऑनच्याच एका व्यापाऱ्याने, १८७८ साली. योगायोग असा की त्याचे नावही मिनॉसच, मिनॉस कालोकेरिनॉस. त्याला कोठारे लागली आणि त्यांत भलेमोठे रांजण सापडले. पण तेव्हा क्रीट तुर्की सुलतानाच्या ताब्यात होते. वर निघालेल्या वस्तू इस्तंबूलला जातील या धास्तीने तेथल्याच लोकांनी काम थांबवायला लावले. क्रीटवरची तुर्की सत्ता १८९८ साली सुटली, आणि आर्थर इव्हान्स या इंग्रज गृहस्थांनी जमीन विकत घेऊन २३ मार्च १९०० रोजी कुदळ मारली. काही आठवड्यांतच सिंहासनाची खोली उघडी झाली. जगात नाव झाले ते इव्हान्सचे. त्या व्यापाऱ्याचा अर्धपुतळा मात्र आवारात आहे असे मार्गदर्शक बाई म्हणाल्या.

आत शिरल्यावर डोळ्यांत भरतात ते लाल खांब. वर जाड, खाली निमुळते, माथ्याशी काळी पट्टी. आपल्या वाड्यांतल्या खांबांच्या नेमके उलटे. पुतणीने लगेच फोटो काढायला सुरुवात केली. मी हात लावता येईल इतक्या जवळ जाऊन पाहिले, तो ते सिमेंट! मूळचे खांब लाकडी होते, ते जळून आणि कुजून गेले. इव्हान्सने विशेषतः १९२० नंतरच्या दशकात लोखंडी सळया घालून काँक्रीटचे खांब, जिने, मजले उभे केले आणि रंगवून टाकले. ज्याला आपण राजवाडा म्हणून डोळे भरून पाहतो, त्याचा बराच भाग आपल्या आज्यांच्या वयाचा आहे.

यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला स्वतःला इव्हान्सचा इतका राग येत नाही. वरचे मजले कोसळत होते, पावसाने जिप्समचे दगड विरघळत होते, काही तरी आधार देणे भागच होते. आणि तो भव्य जिना, त्याच्या कडेने खाली उजेड आणि वारा नेणारा उघडा चौक, हे सगळे गुडघाभर भिंतींवरून माझ्यासारखीला कधीच कळले नसते. पण आधार देणे निराळे आणि नावे देणे निराळे. एका खोलीला 'राणीचा महाल' म्हटले. कशावरून? खोल्या आटोपशीर, भिंतीवर डॉल्फिन माशांचे चित्र, शेजारी न्हाणीघर आणि शौचकूप. एवढ्यावरून ती राणी झाली. सुबक आणि स्वच्छ तेवढे बायकांचे, असा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज घराचा हिशेब.

शौचकुपाचे मात्र कौतुक केलेच पाहिजे. खाली बांधीव गटार, पावसाचे पाणी वाहून न्यायला दगडी पन्हळी, आणि एका तोंडाला निमुळते करून एकात एक बसवलेले भाजक्या मातीचे नळ. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ही सोय पाहून माझ्या मनात आमच्या चाळीतल्या मोरीचा विचार आला, तो मी तेथेच सोडून दिला.

सिंहासनाची खोली लहान आहे. उंच पाठीची दगडी खुर्ची, दोन्ही बाजूंना बाके, भिंतीवर गरुडमुखी सिंहांची जोडी (ती चित्रेही पुन्हा रंगवलेली). खुर्ची सापडली तेव्हा तिची बैठक रुंद आहे म्हणून इव्हान्सने तिला आधी अरिआद्नीचे आसन म्हटले होते. मागाहून ती मिनॉस राजाची झाली. पुढच्या कित्येक संशोधकांचे मत असे पडले की तेथे राजा नव्हे, देवीचे रूप घेणारी पुरोहित स्त्री बसत असावी. त्या खुर्चीवर राजाचे नाव लिहिलेले नाही. एवढ्या मोठ्या वास्तूत कोणा राजाचे चित्र आहे असे ठामपणे दाखवता येईल अशी एकही जागा नाही.

चित्रांची कथा तर मौजेची आहे. ती आता हेराक्लिऑनच्या संग्रहालयात आहेत. बोटभर, तळहाताएवढे तुकडे सापडले आणि त्यांवरून अख्ख्या भिंती रंगवल्या. एका चित्रात केशराची फुले खुडणारा निळा मुलगा दाखवला होता. पुढे निकोलाओस प्लाटॉन या ग्रीक संशोधकाने दाखवून दिले की तो मुलगा नव्हे, माकड आहे! 'कमळांचा राजपुत्र' म्हणून प्रसिद्ध असलेला युवराज निदान दोन निरनिराळ्या माणसांचे तुकडे जोडून झाला असावा असा पुष्कळांचा तर्क आहे. दोन्ही हातांत साप धरलेल्या देवीच्या मूर्ती १९०३ साली निघाल्या. त्यांतल्या धाकटीचे डोके मागाहून नवे करून बसवलेले आहे. बैलावरून उडी मारणाऱ्यांचे चित्र मात्र फार देखणे. त्यातले दोघे पांढरे आणि एक तांबूस आहे. पांढरा रंग बायकांचा हा संकेत खरा धरला, तर बैलाची शिंगे धरणारी ती बाई ठरते. सगळ्यांना हे मान्य नाही, पण मला ते चित्र सोडवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेटाच्या दक्षिण अंगाला फायस्टॉसला गेलो. तो त्याच काळातला दुसरा राजवाडा, इटालियन लोकांनी खणलेला. तेथे काँक्रीटचे खांब नाहीत, जे निघाले ते तसेच ठेवले. पुतणी दहा मिनिटांत सावलीला जाऊन बसली. मला पायऱ्या, अंगण आणि समोर मेसाराचे हिरवे मैदान एवढे पुरले. जाणाऱ्यांनी दोन्ही पाहावे, पण जमल्यास आधी फायस्टॉस. म्हणजे क्नोसॉसला आपण काय पाहतो आहो याचे भान राहते. (क्नोसॉस, फायस्टॉस आणि आणखी चार ठिकाणे मिळून २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत घेतली गेली, हेही सांगून ठेवते.)

मग या गोष्टीत खरे ते काय? भुलभुलैया म्हणाल तर तो तेथे आहेच. शेकडो खोल्या, वळणावळणाच्या वाटा, मधोमध सुमारे पन्नास मीटर लांबीचे अंगण. परदेशी माणूस आत गांगरला असेल यात नवल नाही. दगडांवर जागोजागी दुधारी कुऱ्हाडीची खूण कोरलेली आहे. त्या कुऱ्हाडीच्या नावावरूनच भुलभुलैयाला 'लॅबिरिंथ' हा शब्द आला असाही एक तर्क आहे. बैल तर चित्रांत आणि भांड्यांवर सगळीकडे आहे. आणि एक गोष्ट सांगावीशी वाटत नाही, पण लपवणेही बरे नव्हे. १९७९ साली राजवाड्याजवळच्या एका घरात लहान मुलांची हाडे सापडली. त्यांवर सुरीचे चरे होते. तो बळी होता की अंत्यविधीचा काही प्रकार, याचा निकाल लागलेला नाही. मार्गदर्शक बाईंनी हे सांगितले तेव्हा आमच्यातली हसणारी मंडळीही गप्प झाली.

पण मला सगळ्यात गुंतवले ते कोठारांनी. राजवाड्याच्या पश्चिम अंगाला अरुंद कोठ्यांची लांबच लांब ओळ आहे, आणि त्यांत पुरुषभर उंचीचे रांजण अजून उभे आहेत. तेल, दारू, धान्य. जमिनीत दगडी पेट्या केलेल्या, आपल्या बळदासारख्या. राजाचे आसन खरे की खोटे कोण जाणे, पण हे रांजण रिकामे होऊ नयेत म्हणून कोणी तरी रोज हिशेब ठेवत होते हे नक्की. कारण ते हिशेब सापडले आहेत.

ओल्या मातीच्या लांबोळक्या पाट्यांवर ते टोकदार काडीने लिहिलेले आहेत. या पाट्या भाजत नसत, उन्हात वाळवत आणि काम झाले की पुन्हा भिजवून मोडत. राजवाड्याला शेवटची आग लागली तेव्हा त्या पाट्या आपोआप भाजून निघाल्या, म्हणून टिकल्या. तुकडे धरून तीन हजारांवर आहेत. इव्हान्सने त्यांतल्या बहुतेक जन्मभर छापल्याच नाहीत, आणि ही भाषा ग्रीक असणे शक्य नाही असे ठाम सांगून ठेवले. लिपी वाचली गेली ती १९५२ साली, मायकेल व्हेंट्रिस या तरुण इंग्रज वास्तुशिल्पज्ञाकडून. भाषा ग्रीकच निघाली.

व्हेंट्रिसच्या आधी एक बाई होती, तिचे नाव आपल्या मंडळात घेतलेच पाहिजे. ॲलिस कोबर. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात ती शिकवत असे. दिवसभर वर्ग, संध्याकाळी वह्या तपासणे, आणि रात्री या अक्षरांची मोजदाद. युद्धामुळे कागदाची टंचाई होती. तिने जुनी भेटकार्डे, पत्रके, वह्यांचे पुठ्ठे कापून चिठ्ठ्या केल्या आणि सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवल्या. सुमारे १,८०,००० चिठ्ठ्या! त्यांवरून तिने सिद्ध केले की या भाषेत शब्दांची शेवटे बदलतात, आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय लागतात तशी; आणि 'एकूण' या शब्दाची पुरुषांसाठी एक आणि बायकांसाठी दुसरी अशी दोन रूपे आहेत. अर्थाचा एकही तर्क न करता, नुसते मोजून. व्हेंट्रिसची इमारत त्या पायावर उभी राहिली. ती १९५० साली त्रेचाळिसाव्या वर्षी वारली, दोन वर्षे आधी. थीसियसची गोष्ट सांगताना गुंडा कोणाच्या हातून आला ते लोक निदान सांगतात तरी. येथे कित्येक वर्षे तेही कोणी सांगत नव्हते.

आता त्या पाट्यांत काय निघाले? राक्षस नाही, लढाई नाही. मेंढ्या! कोणत्या गावी कोणा मेंढपाळाकडे किती, लोकर किती यायची, किती कमी आली. मेंढ्यांची बेरीज लाखाच्या घरात जाते. जोताच्या बैलांची नावेसुद्धा आहेत. एक 'काळ्या', एक 'पांढऱ्या पायाचा'. आपल्या ढवळ्या-पवळ्याचीच भावंडे. आणि या लोकरीवर काम करणाऱ्या बायकांच्या याद्या आहेत. बाईसाठी चिन्ह म्हणजे घागरा नेसलेली एक छोटी आकृती. पुढे मोठ्या मुली इतक्या, धाकट्या मुली इतक्या, मोठे मुलगे इतके, धाकटे इतके, आणि काही जणी शिकाऊ. कातणाऱ्या, विणणाऱ्या, काठ लावणाऱ्या. काही थोड्या पाट्यांत बायकांची नावे येतात, पण या कामकरणींच्या टोळ्यांची नोंद बहुधा गावाच्या किंवा कामाच्या नावाने. बैलाचे नाव लिहिले, बाईचा आकडा लिहिला. मी संग्रहालयात काचेला नाक लावून त्या पाट्यांपुढे किती वेळ उभी होते कोण जाणे. पुतणी म्हणाली, "काकू, पुढे सोन्याचे दागिने आहेत." म्हटले, येते.

त्यांतच एक इवलीशी पाटी आहे. तिच्यात नैवेद्याच्या मधाचा हिशेब आहे. सगळ्या देवांना मिळून मधाचे एक भांडे. आणि त्याखाली, भुलभुलैयाच्या स्वामिनीला मधाचे एक भांडे. सगळ्या देवांना मिळून जेवढे, तेवढेच तिला एकटीला. ही कोण, तिची कथा काय, काही लिहिलेले नाही. कारकुनाला त्याची गरज नव्हती, त्याला माहीत होते. कोणी म्हणतात पुढची अरिआद्नी ती हीच, गोष्टीत उतरता उतरता देवीची राजकन्या झालेली. त्याला पुरावा नाही. पण तिच्यासाठी जो शब्द लिहिला आहे तो 'पोत्निया'. म्हणजे मालकीण, सत्ता चालवणारी. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की हा शब्द आणि आपला संस्कृत 'पत्नी' हे एकाच मुळाचे. वेदातही पत्नी म्हणजे आधी स्वामिनी. आपल्या सातबाऱ्यावर आणि शिधापत्रिकेवर तो शब्द कोणत्या रकान्यात कोणाच्या नावापुढे येतो ते तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे.

हे ग्रीक हिशेब राजवाड्याच्या अखेरच्या काळातले. त्याच्या आधीची, ज्यांनी तो बांधला त्या लोकांची लिपी निराळी आहे आणि ती अजून कोणाला वाचता आलेली नाही. तेव्हा ज्या मुलींना मोजदादीचा कंटाळा नाही त्यांना काम शिल्लक आहे.

क्रीटच्या डोंगरातली रानफुले हुंगून केलेला मध अजूनही प्रसिद्ध आहे. तेथल्या बाजारातून मी एक बरणी आणली होती. ती मागे चहाच्या टेबलावर ठेवली आहे. बरणी लहान आहे आणि आपण साठ जणी आहोत, तेव्हा चमचा चहाचा घ्यावा, आमटीचा नको.